जळिताच्या वॉर्डातून सौंदर्याच्या दालनात

जून २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ‘लाविव’ नावाच्या एका उपचाराला मान्यता दिली. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन रेषा वयाबरोबर खोल होत जातात. त्या कमी दिसाव्यात, एवढाच या उपचाराचा हेतू होता. डॉक्टर रुग्णाच्या कानामागून त्वचेचे तीन मिलिमीटर रुंदीचे तीन तुकडे काढत आणि पेनसिल्व्हेनियातल्या फायब्रोसेल कंपनीकडे पाठवत. तिथे त्या तुकड्यांतून फायब्रोब्लास्ट पेशी वेगळ्या केल्या जात आणि पोषक द्रवात वाढवल्या जात. अकरा ते बावीस आठवड्यांनी त्याच माणसाच्या कोट्यवधी पेशी दवाखान्यात परत येत. मग काही आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा त्या चेहऱ्यात टोचल्या जात.

माणसाच्या स्वतःच्या जिवंत पेशी वाढवून, केवळ दिसण्यात सुधारणा व्हावी म्हणून त्याला परत देण्याच्या उपचाराला एफडीएने दिलेली ही पहिली मान्यता होती. उपचार महाग होता, वेळखाऊ होता. काही वर्षांतच कंपनीने सुरकुत्यांकडे पाठ फिरवली आणि हीच पेशीविद्या त्वचेच्या दुर्धर जनुकीय आजारांसाठी वापरायला सुरुवात केली. कंपनीची ही पावले मुळाकडे परत वळली, असेच म्हणायला हवे. कारण त्वचा शरीराबाहेर वाढवण्याची विद्या आरशासमोर जन्मलेली नाही. ती जळिताच्या वॉर्डात वाढली आहे, आणि आज ‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द छापलेल्या प्रत्येक बाटलीची पारख करायची तर त्या वॉर्डापर्यंत मागे जावे लागते.

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा थर, बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्यात मुख्यतः केराटिनोसाइट पेशी असतात. त्या तळाशी जन्मतात, वर सरकताना चपट्या होतात, मरतात आणि सुमारे चार आठवड्यांत झडून जातात. त्यांच्यातच अधूनमधून मेलॅनोसाइट या रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. खालच्या अंतस्त्वचेची घडण अगदी वेगळी आहे. तिथे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू विणतात आणि त्या विणीतून रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी जातात. गुडघा खरचटला तर त्वचा पूर्ववत होते, कारण केसांच्या मुळांपाशी आणि ग्रंथींपाशी नवी बाह्यत्वचा तयार करू शकणाऱ्या पेशी शिल्लक असतात. दोन्ही थर जळून गेले, तर मात्र शरीर कसेबसे घट्ट, आखडलेल्या व्रणाने ते भगदाड बुजवते.

अशा रुग्णाला स्वतःच्या अंगावरच्या निरोगी त्वचेचे कलम लावावे लागते. पण अंगाचा बहुतेक भाग जळाला असेल, तर कलमासाठी त्वचा आणायची कुठून?

या प्रश्नाचे उत्तर एका गाठीतून मिळाले. बोस्टनजवळच्या एमआयटीत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड उंदराच्या टेराटोमा या गाठीतल्या पेशींचा अभ्यास करत होते. त्वचेचा आणि त्यांच्या कामाचा तेव्हा काही संबंध नव्हता. काचेच्या बशीत त्यांना केराटिनोसाइटसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या वसाहती आढळल्या आणि एक गोष्ट लक्षात आली: या पेशी एकट्या तग धरत नाहीत, शेजारी फायब्रोब्लास्ट असतील तरच वाढतात. त्या धाग्यावरून १९७५ मध्ये दोघांनी माणसाच्या केराटिनोसाइट वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बशीच्या तळाशी उंदराच्या ‘थ्री-टी-थ्री’ फायब्रोब्लास्टचा थर ठेवायचा. त्यांचे विभाजन किरणांच्या माऱ्याने थांबवलेले असते, पण पेशी जिवंत असतात. त्यांच्या सोबतीने माणसाच्या त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. छोट्याशा वाफ्यात भाताचे रोप तयार करून पुढे सगळे खाचर लावावे, तशी ही रीत. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्वचेतून तीन-चार आठवड्यांत हजारो पटींनी मोठे क्षेत्र झाकण्याइतक्या पेशी मिळू शकतात.

१९८३ च्या उन्हाळ्यात या पद्धतीची खरी परीक्षा झाली. वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावात अंगाला लागलेला रंग द्रावकाने पुसताना मुलांना आग लागली. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ बोस्टनच्या श्रायनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटमध्ये आणले गेले, तेव्हा त्यांची ९५ टक्क्यांहून अधिक त्वचा जळालेली होती. त्या काळच्या वैद्यकानुसार ती वाचण्यासारखी नव्हती. काखेत वाचलेल्या त्वचेतून छोटा तुकडा घेऊन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात आल्या, त्यांचे पातळ पापुद्रे तयार झाले आणि शल्यविशारदांनी ते एकेक करून जखमांवर बसवले. दोघांच्याही शरीराचा जवळजवळ निम्मा पृष्ठभाग अशा वाढवलेल्या त्वचेने झाकला गेला. दोघेही भाऊ जगले. पुढच्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांच्यावरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

तरी ही त्वचा अर्धीच होती. तिच्यात बाह्यत्वचा होती, अंतस्त्वचा नव्हती. ती नाजूक राही, तिला फोड येत, खालचा व्रण आखडत जाई. अंतस्त्वचेच्या प्रश्नाला एमआयटीचेच इओआनिस यानास आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन बर्क वेगळ्या वाटेने भिडले. गाईगुरांच्या कोलॅजेनमध्ये शार्कच्या कूर्चेतून काढलेला एक पदार्थ मिसळून त्यांनी सच्छिद्र जाळी बनवली आणि वर सिलिकॉनचा पातळ पडदा ठेवला. ही जाळी जखमेवर ठेवली की रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तिच्या छिद्रांत शिरतात, आपले कोलॅजेन विणतात आणि मूळची जाळी हळूहळू विरघळून जाते. १९८१ मध्ये त्यांनी याचे पहिले यश जाहीर केले. १९९६ मध्ये ‘इंटिग्रा’ या नावाने तिला एफडीएची मान्यता मिळाली. पेशींना कुठे बसायचे, कुठल्या दिशेने विणायचे हे त्यांच्याभोवतीची चौकट सांगते, ही जाण इथून पक्की झाली. ऊती अभियांत्रिकी म्हणतात ती हीच: पेशी, त्यांना धरणारी चौकट आणि वाढीचे संकेत, या तिन्हींचा मेळ.

मुंबईतही या काळात जळितांसाठी फार मोलाचे काम चालले होते, आणि ते आपल्याकडच्या परिस्थितीला धरून होते. वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर बसवून जखमेवर लावण्याची पट्टी तयार केली आणि १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले. साल जखम ओलसर ठेवते आणि काढताना चिकटत नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली आणि २००० मध्ये तिथेच भारतातली पहिली त्वचापेढी उभी केली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा पातळ थर घेतला जातो, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये तो पाच वर्षांपर्यंत टिकतो आणि त्यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. दुसऱ्याची ही त्वचा कायमची रुजत नाही. पण ती काही आठवडे जखम झाकते, जंतुसंसर्ग आणि वेदना कमी करते, आणि तेवढ्या अवधीत रुग्णाची स्वतःची त्वचा कलमासाठी पुन्हा तयार होते. जिथे लाखो रुपयांचे पेशीसंवर्धन परवडत नाही, तिथे त्वचादानाने आजही जीव वाचतात. नेत्रदानाची चळवळ ज्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचली, तिथे त्वचादानाविषयी अजून इतके कमी बोलले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगाशी या विद्येचा पहिला थेट धागा जुळला तो कॅलिफोर्नियात, एका उरलेल्या द्रवामुळे. ला होया इथली ॲडव्हान्स्ड टिश्यू सायन्सेस ही कंपनी ‘डर्माग्राफ्ट’ बनवत असे. नवजात मुलांच्या सुंतेत निघणाऱ्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट विरघळणाऱ्या जाळीवर वाढवून केलेली ती अंतस्त्वचा होती, आणि मधुमेह्यांच्या पायांवरील न भरणाऱ्या जखमांसाठी २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. या पेशी वाढताना भोवतीच्या द्रवात वाढीचे घटक, कोलॅजेनचे अंश आणि इतर अनेक प्रथिने सोडत. हा द्रव गाळून, शुद्ध करून चेहऱ्याच्या सीरममध्ये वापरण्याची कल्पना पुढे आली आणि स्किनमेडिका या कंपनीने तो बाजारात आणला. आज कोरियापासून मुंबईच्या दवाखान्यांपर्यंत ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणून जे विकले जाते, त्याचा हा पूर्वज.

या द्रवात खरोखरच प्रभावी रेणू असतात. त्यांतल्या ईजीएफ या घटकाच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अडचण आहे ती दाराशी. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर बाहेरच्या वस्तू आत येऊ नयेत म्हणूनच बनलेला आहे. रेणूचे वजन डाल्टन या एककात मोजतात, आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू अखंड त्वचेतून सहसा पार होत नाहीत, असे त्वचाशास्त्रज्ञ मानतात. ईजीएफचे वजन सुमारे सहा हजार डाल्टन असते, आणि कोलॅजेनचे तीन लाखांच्या घरात. त्यामुळे कोलॅजेनचे क्रीम चोळून अंतस्त्वचेतले कोलॅजेन वाढत नाही. त्याने वरचा थर ओलसर राहतो, मऊ वाटतो, इतकेच. ग्रोथ फॅक्टरच्या सीरमने सुरकुत्यांत सौम्य सुधारणा झाल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेचसे उत्पादकांशी निगडित संशोधकांचे आहेत. त्यावर मोठा विश्वास टाकण्याआधी स्वतंत्र आणि मोठ्या चाचण्या हव्यात.

वनस्पतींच्या ‘स्टेम सेल’ची गोष्ट आणखी निराळी. स्वित्झर्लंडमध्ये उटविलर स्पेटलाउबर नावाची सफरचंदाची एक दुर्मिळ जुनी जात आहे. तिची फळे तोडल्यावर दीर्घकाळ सुरकुतत नाहीत. २००८ च्या सुमारास मिबेल या स्विस कंपनीने तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा अर्क प्रसाधनांसाठी बाजारात आणला आणि ‘ॲपल स्टेम सेल’ची लाट जगभर पसरली. पेशी वाढवण्याचे कसब त्यात खरेच आहे, आणि अर्कात उपयुक्त ॲन्टिऑक्सिडंट असूही शकतात. पण बाटलीत येते तेव्हा त्यातली एकही पेशी जिवंत नसते. असती, तरी सफरचंदाची पेशी माणसाची त्वचा बनवू शकली नसती.

दवाखान्यांत सध्या एक्सोसोमचा बोलबाला आहे. पेशी एकमेकींना संदेश धाडण्यासाठी ज्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात, त्या म्हणजे एक्सोसोम. त्यांवरचे संशोधन अतिशय रंजक आहे. पण नेब्रास्कातल्या काही रुग्णांना अशा उत्पादनांनंतर गंभीर त्रास झाल्यावर एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढली आणि कुठल्याही एक्सोसोम उत्पादनाला आपण मान्यता दिलेली नाही, हे स्पष्ट केले. न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये रुग्णाच्याच रक्ताचा अंश सुयांनी चेहऱ्यात सोडण्याच्या उपचारातून काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये तो तपास प्रसिद्ध केला. भारतात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार अंगावर चोळणे, ओतणे, शिंपडणे, फवारणे अशा रीतीने वापरायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. सुईने टोचली जाणारी वस्तू त्या व्याख्येत बसतच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही रक्ताच्या आजारांसाठी होणाऱ्या प्रत्यारोपणासारखे सिद्ध उपयोग सोडले, तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त क्लिनिकल चाचणीबाहेर करू नये, असे बजावले आहे. ‘स्टेम सेल फेशियल’च्या जाहिरातीपुढे थबकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

मग प्रयोगशाळेतल्या त्वचेचा सौंदर्यप्रसाधनांना सर्वांत मोठा उपयोग कुठे झाला? चेहऱ्यावर नव्हे, चाचणीच्या बशीत.

१९४४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएतले जॉन ड्रेझ यांनी सशांच्या डोळ्यांवर आणि भादरलेल्या कातडीवर रसायने लावून दाह मोजण्याची पद्धत मांडली. पुढची कित्येक दशके शाम्पूपासून लिपस्टिकपर्यंत सगळ्यांची सुरक्षितता याच रीतीने तपासली जात होती. १९८० मध्ये न्यूयॉर्कचे शिक्षक आणि कार्यकर्ते हेन्री स्पिरा यांनी रेव्हलॉन कंपनीविरुद्ध वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन मोहीम उघडली आणि उद्योगाला पर्याय शोधण्यासाठी पैसा घालावा लागला. तो पर्याय जळितांसाठी विकसित झालेल्या तंत्रातच होता. केराटिनोसाइट कोलॅजेनच्या थरावर पेरायच्या, काही दिवसांनी द्रवाची पातळी उतरवून त्यांचा वरचा भाग हवेत उघडा ठेवायचा. हवेच्या स्पर्शाने पेशी एकावर एक थर रचतात आणि वर खऱ्या त्वचेसारखा मृत, राकट थर तयार होतो. फ्रान्समध्ये विकसित झालेले आणि पुढे लोरिआलकडे गेलेले ‘एपिस्किन’ हे असे प्रारूप आहे.

त्यावर होणारी चाचणी साधी आणि सुंदर आहे. परीक्षणाचा पदार्थ पंधरा मिनिटे त्वचेच्या चकतीवर ठेवतात, धुऊन टाकतात आणि चकती ४२ तास उबेत ठेवतात. मग एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग न लावलेल्या चकतीच्या निम्म्याहून कमी आला, तर पदार्थ त्वचेला दाहक ठरतो. युरोपात २००७ मध्ये ही चाचणी प्रमाणित झाली आणि २०१० मध्ये ओईसीडी या देशांच्या संघटनेने तिला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत स्थान दिले. २०१३ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर युरोपीय संघाने बंदी घातली. २०१४ मध्ये भारताने आधी देशातल्या चाचण्यांवर आणि मग अशा मालाच्या आयातीवरही बंदी घातली. ही प्रारूपे हाताशी नसती, तर या बंदीची अंमलबजावणी अवघड झाली असती.

या चकत्यांना मर्यादाही आहेत. त्यांत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, बहुतेकींत रोगप्रतिकारक पेशीही नसतात. म्हणून ॲलर्जीसाठी वेगळ्या चाचण्यांचा संच लागतो. दुसरी मर्यादा आपल्या जवळची आहे. सुरुवातीची बरीच प्रारूपे गोऱ्या दात्यांच्या पेशींपासून बनली होती. सावळ्या त्वचेवर मुरुम गेल्यावर काळे डाग उरतात, उन्हाला तिचा प्रतिसाद निराळा असतो. आता मेलॅनोसाइटसह, वेगवेगळ्या वर्णांच्या दात्यांपासून प्रारूपे तयार होतात. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयटीसी कंपनीच्या संशोधकांसोबत थ्रीडी छपाईने त्वचेचे प्रारूप बनवले आणि दोन थरांमधली नागमोडी सीमाही त्यात साधली. भारतीय त्वचेसाठी बनलेली वस्तू भारतीय त्वचेच्या प्रारूपावर तपासली जावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

दिसण्यासाठीचा उपचार आणि गरजेचा उपचार यांतली रेघ आपण फार सहज ओढतो. ज्याच्या चेहऱ्यावर, हातांवर कोड आहे, त्याला विचारून पाहावे. हा आजार संसर्गजन्य नाही, त्याने जिवाला धोका नाही. तरीही आपल्याकडे त्यापायी लग्ने मोडतात, मुली घराबाहेर पडेनाशा होतात. जगात साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो. कोड वर्षभर स्थिर असेल, तर मेलॅनोसाइट-केराटिनोसाइट प्रत्यारोपण करता येते. मांडीवरून किंवा कमरेवरून पातळ कलम घेतात, ट्रिप्सिन या विकराने त्यातल्या पेशी सुट्या करतात आणि डागावरचा वरचा थर घासून काढून तिथे तो पेशींचा द्रव पसरतात. घेतलेल्या कलमाच्या कितीतरी पट मोठा डाग त्यातून झाकता येतो आणि पुढच्या महिन्यांत रंग परत येऊ लागतो. पेशी आठवडेच्या आठवडे वाढवाव्या लागत नाहीत, त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो. डॉ. संजीव मुळेकर यांनी २००३ पासून या पद्धतीचे दीर्घकालीन निकाल प्रसिद्ध केले आणि भारतातल्या अनेक त्वचारोगतज्ज्ञांनी ती आत्मसात केली.

याच धर्तीचे उपकरण ऑस्ट्रेलियात पर्थच्या शल्यविशारद फिओना वूड यांनी मरी स्टोनर यांच्यासोबत घडवले. रुग्णाच्या पेशी सुट्या करून जखमेवर फवारायच्या. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटांतले होरपळलेले रुग्ण पर्थला आले, तेव्हा हे तंत्र जगाच्या नजरेत भरले. ‘रिसेल’ नावाच्या या संचाला एफडीएने २०१८ मध्ये भाजण्यासाठी आणि २०२३ मध्ये कोडासाठी मान्यता दिली. ज्या तंत्राने जीव वाचतो, त्यानेच चेहऱ्याचा रंगही परत येतो.

सुरकुत्यांचे म्हणाल, तर सर्वांत भक्कम पुरावा अजून एका जुन्या, स्वस्त उपायाच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी ९०० हून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत मोजता येईल इतकी म्हातारी झाली नाही. इतरांच्या तुलनेत त्यांच्यातले वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी होते. अतिनील किरण कोलॅजेन तोडणारी विकरे जागी करतात, हे त्यामागचे कारण. मोडलेले कोलॅजेन पेशी वाढवून भरण्यापेक्षा ते मोडू न देणे आज तरी खूप सोपे आहे.

संशोधकांची पुढची झेप संपूर्ण त्वचेकडे आहे. इटलीतल्या मोदेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या चमूने २०१५ मध्ये जर्मनीत एका सात वर्षांच्या सीरियन निर्वासित मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलली. जनुकीय दोषामुळे त्याची त्वचा फोड येऊन सोलून निघत होती. त्याच्या पेशींतला दोष दुरुस्त करून त्यांतून नवी त्वचा वाढवण्यात आली आणि तो मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. २०२० मध्ये कार्ल कोलर यांच्या गटाने मानवी मूळपेशींपासून केस, तैलग्रंथी आणि मज्जातंतू असलेला त्वचेचा सूक्ष्म गोळा प्रयोगशाळेत वाढवला. त्याला चार-पाच महिने लागले. असे गोळे उंदरांच्या पाठीवर रोवल्यावर त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोळ्यांना माणसाचे केस उगवले. टक्कल पडलेल्यांना ही बातमी सुखावणारी आहे, आणि केशरोपणाच्या बाजारातही या तंत्राची वाट पाहिली जाते. घामाच्या ग्रंथी मात्र त्या गोळ्यांत नव्हत्या. अंगाचा मोठा भाग कलमाने झाकलेल्या जळीत रुग्णाला त्या भागातून घाम येत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा त्याचे शरीर थंड होऊ शकत नाही, म्हणून अंगावर ओला कपडा ठेवून त्याला सावली धरून बसावे लागते.